सोळा विहिरी आणि एक शेंडा

माझं वय झालं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. जिना चढताना गुडघे सांगतात, सुईत दोरा ओवताना डोळे सांगतात. पण पाण्याच्या ऑफिसातला साहेब पंख्याखाली बसून, माझ्या वहीकडे न पाहताच म्हणाला, "आजी, या वयात आकडे लक्षात राहत नाहीत, होतं असं," तेव्हा अंगात जो जाळ उठला, तो हे लिहितानाही विझलेला नाही. अहो, मी लक्षात ठेवतच नव्हते! मी लिहून ठेवत होते. दोहोंत फरक आहे की नाही?

आमचं गाव वर्ध्याकडच्या आंजीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. गावात विहिरी सोळा. मी चौथी शिकले, बाकीचं लिहिणं-वाचणं पोरांच्या पुस्तकांतून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून उचललं. बचत गटात असताना एकदा शिबिरात विहीर मोजायला शिकवलं, आणि तेव्हापासून दर सोमवारी आम्ही दोघी बायका मोजतो. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, कठड्यावरून टेप खाली सोडायचा, नट पाण्याला टेकला की आवाज येतो, तिथं धरायचं. कठड्यापासून पाणी किती फूट खाली, तो आकडा वहीत. आकडा वाढला म्हणजे पाणी खोल गेलं. एवढंच शास्त्र.

एक ते आठ नंबर माझे, नऊ ते सोळा माझ्या मैत्रिणीचे. ती वरच्या वस्तीत राहते, तिकडं सगळी बौद्ध घरं. तरुणपणी आम्ही एकाच शेतात कापूस वेचला आहे, एकमेकींच्या कमरेला बांधलेल्या ओट्यात कापसाची भर घातली आहे. तिच्या वस्तीच्या विहिरी दोन, अकरा आणि बारा. गाव उतारावर, ती वस्ती टेकाडावर, त्यामुळं पाणी आधी तिथलं जातं. फेब्रुवारी सरला की त्या दोन्ही विहिरी तळ दाखवतात आणि मग टँकरशिवाय तिथं पाणी नाही. टँकर नाही आला तर खालच्या शेतातल्या विहिरीवर यायचं आणि भरलेला गुंड, म्हणजे घागर, घेऊन टेकाड चढायचं. माझ्या मैत्रिणीच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा त्याच वाटेवर. तिच्या घरी चढून पाणी आणणारं दुसरं कुणी नाही.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कागदावर अकरा आणि बारा नंबरला पाणी भरपूर दिसलं. टँकर एक महिना उशिरा सुरू झाला. मी वहीची झेरॉक्स घेऊन गेले, तर ते वाक्य ऐकायला मिळालं. वर साहेब म्हणाला, "आम्ही तुमच्याच वहीतून उतरवलं. वही तुम्ही नंतर दुरुस्त केली असेल."

वही माझी, पेन माझा, अक्षर माझं. नंतर लिहिलं नाही हे दाखवू कशी? येताना एसटीत खिडकीशी बसले आणि खरं सांगते, मलाच शंका यायला लागली. खरंच आपण विसरलो असू का? आपल्याच हाताने काही केलं असेल का? माणसाला त्याच्या स्वतःच्या डोक्याबद्दल संशयात टाकायचं, याच्यासारखा अन्याय नाही. त्या महिनाभर मैत्रीण गुंड घेऊन टेकाड चढली, अर्ध्यावर थांबून, कमरेवर हात देऊन. मी पाहत होते. माझा गुंड तिच्या मागं होताच, पण माझे पाय म्हणजे काय मोठे घोड्याचे पाय आहेत?

माझी सून वर्ध्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी आली तेव्हा मी तिच्यासमोर सगळं ओकले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, वहीले साक्षीदार पाह्यजे. आपन तिचा अंगठा घेऊन ठेवू."

"वहीचा अंगठा?" मैत्रीण तिथंच शेंगा निवडत बसली होती. "वही काय सातबाऱ्यावर अंगठा लावाले चालली काय?"

सुनेनं मोबाइलवर एक ओळ लिहिली: विहिरीचा नंबर, तारीख, आकडा. बटण दाबलं तर खाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ आली. चौसष्ट. मग तिनं आकड्यातला एकच अंक बदलला, तर सगळीच्या सगळी माळ बदलली. परत पहिला अंक घातला, तर पहिली माळ जशीच्या तशी परत.

"हा त्या ओळीचा अंगठा," सून म्हणाली. "ओळीतला ठिपका जरी हालला, तरी अंगठा दुसरा. आन् अंगठ्यावरून ओळ काही परत काढता येत नाई."

"मंग सोळा इहिरीचे सोळा अंगठे," मी म्हटलं. "थे सारे कुठं ठेवू? गोधडीत?"

तेव्हा तिनं कॅलेंडरच्या पाठीवर आकृती काढली. खाली सोळा चौकोन. एक आणि दोनचे अंगठे एकापुढे एक ठेवायचे आणि त्या जोडीचा नवा अंगठा काढायचा. तीन-चारचा तसाच. सोळाचे आठ झाले. आठाचे चार, चाराचे दोन, आणि दोनाचा सगळ्यांत वर एक.

मैत्रीण पुढं वाकली. "अवो माय, हे तं कबड्डीचा ड्रॉ होय! फायनल वरतं."

"हाव, पन इथं कोनी हारत नाई," सून हसली. "दोघाईचाबी अंश वर जाते. म्हनून खालचा कोनताबी एक आकडा बदलला, का त्याच्या वरचा, त्याच्या वरचा, असं करत शेवटचा बदलतेच."

कॉम्प्युटरवाले याला झाड म्हणतात आणि त्या सगळ्यांत वरच्या अंगठ्याला मूळ म्हणतात. आता झाडाचं मूळ वर कसं असेल? मी त्याला शेंडा म्हणते. सुनेनं वाद घातला नाही, म्हणून तिच्याशी माझं जमतं.

ठरलं ते असं. सोमवारी दुपारपर्यंत सगळे आकडे मी फोनवर सुनेला सांगायचे. तिनं ते फोनवरच ऑफिसला कळवायचे, त्यांचं झाड करून, म्हणजे नुसते अंगठे, आपल्या लॅपटॉपात ठेवायचं आणि शेंडा मला पाठवायचा. मी तो तीन गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, ऑफिसच्या ईमेललाही जायचा. शेकडो माणसांच्या फोनात एकदा गेला की मागं घ्यायची सोय नाही, ना मला, ना साहेबाला. वहीतही मी ती चौसष्ट अक्षरं हाताने उतरवते. इंग्रजीची सहाच लागतात, ए पासून एफ पर्यंत, बाकी सारे अंक. तेवढी सहा मला बँकेतल्या मॅनेजरपेक्षा चांगली येतात. पहिले काही सोमवार ग्रुपवर लोकांनी विचारलं, आजी, हा कोणता मंत्र? एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी मंत्र पाठवत राहिले.

या वर्षी नाल्याचं खोलीकरण झालं. मशीन आलं, फोटो निघाले, फलक लागला. मार्चमध्ये ग्रामसभेत ऑफिसचा कागद वाचून दाखवला: कामामुळे विहिरींचं पाणी वर आलं, सबब वरच्या वस्तीला टँकरची गरज नाही. आधार म्हणून फेब्रुवारीतल्या एका सोमवारचे आमचेच सोळा आकडे छापले होते. खाली 'महिला गटाच्या नोंदीनुसार' असं! आमचं नाव लावून आमच्याच मैत्रिणीचं पाणी तोडायचं.

मैत्रिणीनं कागद हातात घेतला आणि बोट ठेवलं. "बाई, हे पाह्य. म्या अकराले एकोनचाळीस सांगितलतं. इथं एकोनतीस."

"आन् बारा?"

"त्याच्यातबी दहा फूट पानी चढवलं यानं. पाइपबी नाई लावला."

मी उभी राहिले आणि म्हटलं, पुढच्या सभेला साहेबानं स्वतः यावं, झाड पाहायचं आहे. सरपंचानं पुन्हा सभा बोलावली, शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी. सुनेनं सुट्टी टाकली, लॅपटॉप शाळेच्या मोठ्या टीव्हीला जोडला. साहेब आला. मला पाहून म्हणाला, "मावशी, टायपिंगची चूक असू शकते. एवढं कशाला?"

"दोन इहिरीत? दोन्हीत दहा-दहाच फूट? आन् दोन्ही एकाच वस्तीच्या?" मी म्हटलं. "तुमच्या टायपिंगले वरचीच वस्ती बरोबर सापडली, साहेब."

लोक हसले. मी हसले नाही.

सुनेनं ऑफिसच्या कागदावरचे सोळा आकडे भरले आणि शेंडा काढला. शाळेच्या गुरुजींनी आपल्या फोनमधला त्या सोमवारचा मेसेज उघडून वाचायला घेतला. पहिल्याच अक्षराला गाडी अडली. जुळत नव्हता. मग सुनेनं लॅपटॉपात ठेवलेलं त्या सोमवारचं झाड शेजारी उघडलं आणि एक पायरी खाली उतरून दाखवलं. डावा अर्धा, म्हणजे एक ते आठ, जुळला. उजवा नाही. उजव्यात तेरा ते सोळा जुळले, नऊ ते बारा नाही. त्यात नऊ-दहाची जोडी जुळली, अकरा-बाराची नाही. चार उड्यांत बोट जाऊन पोहोचलं, ते मैत्रिणीच्या वस्तीतल्या दोन्ही विहिरींवर. सोळाच्या सोळा उकरायची गरज पडली नाही.

साहेब म्हणाला, "ठीक आहे. पण तुमची वही बरोबर आहे कशावरून? तिचाही शेंडा काढा."

"काढा ना," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात वही सुनेपुढं ठेवली.

सुनेनं वहीतले आकडे भरले. गुरुजींनी वाचलं. जुळलं नाही.

हॉलमध्ये जी कुजबुज झाली ती मला अजून ऐकू येते. सुनेचा चेहरा उतरला. खाली उतरून पाहिलं तर उजवा अर्धा, मैत्रिणीचे आठही, जुळत होते. बिघाड डाव्या अर्ध्यात. पाच ते आठ. त्यात पाच-सहा. त्यात पाच. पाच नंबरची विहीर म्हणजे माझ्या स्वतःच्या अंगणातली.

साहेब खुर्चीत सरळ झाला. "बघा! यांचीच वही जुळत नाही आणि आम्हाला जाब विचारतात."

तेवढ्यात मला आठवलं. त्या सोमवारी नातवाचा नवस फेडायला आम्ही गिरडला गेलो होतो. जीप सकाळीच येणार, म्हणून मी उजाडताच बाहेर पडले आणि सात विहिरी मोजून आले. घरची शेवटी ठेवली, ती काय, दारातच आहे. इतक्यात जीपनं हॉर्न द्यायला सुरुवात केली. घरच्या विहिरीत मी टेप सोडलाच नाही. मागच्या आठवड्याचा अंदाज धरून चोवीस लिहिलं, सुनेला सांगितलं आणि जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी पाणी काढताना मन खायला लागलं, म्हणून मोजलं, तर सव्वीस. मी वहीतल्या चारावर पेन फिरवून सहा केला. सुनेला सांगितलं नाही. लाज वाटली. चांगलंच करते आहे असं वाटलं होतं, खरा आकडा लिहिला होता ना! गावभर फिरून मोजणारी बाई आपल्या दारातली विहीर चुकवते, हे कोणाला सांगू?

आणि आता सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. माझ्या तोंडाशी काय आलं सांगू? टायपिंगची चूक. त्याचंच वाक्य. आयतं, सोपं. सुनेनं भरताना चुकलं म्हटलं असतं तर ती बिचारी गप्प बसली असती. मला साहेबाचा जितका राग होता तितकाच त्या क्षणी स्वतःचा आला. पण मैत्रीण माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. ती वाट पाहत होती, मी काय सांगते त्याची. तिचं उन्हाळ्याचं पाणी माझ्या त्या एका अंकात अडकलं होतं.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गिरड, जीप, हॉर्न, चोवीस, सव्वीस, पेन. काही झाकलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "लेका, घरचीच इहीर!" म्हणू दिलं.

"त्या दिवशी म्या सुनेले चोवीस सांगितलं," मी म्हटलं. "पाचले चोवीसच भर."

सुनेनं पाच नंबरला चोवीस घातलं आणि बटण दाबलं. वर नवी माळ आली. गुरुजी एकेक अक्षर वाचू लागले, सून पडद्यावर बोट फिरवू लागली. आठ जुळली. सोळा. बत्तीस. चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा गुरुजींनी फोन खाली ठेवून मला नमस्कार केला. मला तो नको होता. मी साहेबाकडे वळले.

"पाह्यलं? माही लबाडी धरली या झाडानं. आन् ती सांगितल्याबिगर जुळाले तयार नव्हतं. आता सांगा, त्या दिवशी अकराले काय होतं?"

वहीत एकोणचाळीस होते. त्या सोमवारी दुपारी जे होते तेच, कोणी हात न लावलेले. पण साहेब कसला मुरलेला! म्हणाला, "आकडे बदलले नाहीत, मान्य. पण पहिल्या दिवशीच खोटे लिहिले असतील तर? तुम्ही पाच नंबरला तेच केलंत."

मला वाटलं सून भांडेल. पण ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे, सर. झाड खरं-खोटं सांगत नाही. बदललं की नाही एवढंच सांगतं."

"मंग खरं-खोटं इहीर सांगन," मैत्रीण पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "चाला. टेप आमचा नोको, तुमचा घ्या. आन् मानूसबी तुमचा."

तेव्हा तो लगेच नाही आला. ऊन होतं म्हणे. ऊन काय आमच्या टेकाडावरच पडतं? पण सभेनं ठराव लिहिला होता, त्यात माझी चूकही माझ्याच आग्रहानं लिहिली होती, आणि त्या ठरावाचा अंगठा सुनेनं तिथंच ग्रुपवर टाकला होता. दोन दिवसांनी साहेब एका कर्मचाऱ्याला घेऊन आला. आम्ही दोघी अकरा नंबरच्या कठड्यापाशी उभ्या होतो, वस्तीतल्या बाया दारांत. कर्मचाऱ्यानं ऑफिसचा टेप खाली सोडला. पाण्याचा आवाज आलाच नाही. खडकावर टेप आपटल्याचा आला, कोरडा.

"पाणीच नाही, सर," कर्मचारी म्हणाला.

साहेबानं छापील तक्ता काढला, रकाना शोधला आणि अकरा नंबरपुढं मोठं गोल शून्य काढलं. तक्ता माझ्यापुढं सहीला धरला. "घ्या मावशी. झालं समाधान?"

मी चष्मा लावला. वरचा मथळा वाचला. 'कठड्यापासून पाण्याची खोली, फूट.' आणि पुढं शून्य.

"साहेब," मी म्हटलं, "शून्य फूट खाली पानी म्हनजे इहीर काठोकाठ भरली. कठड्यावर बसून पाय धुवा मंग!"

मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. "अवो, हे पाह्यजो! एका गोल्यानं इहीर भरली यानं!" दारांतल्या बाया हसायला लागल्या, पण माझं डोकं फिरलं होतं. मुद्दाम केलं की अडाणीपणानं, मला अजून कळलेलं नाही, आणि दोन्हींत कमी वाईट कोणतं तेही कळलेलं नाही. या माणसाच्या हातात आमच्या सोळाही विहिरी होत्या.

त्यानं शून्य खोडायला पेन टेकवला. मी तक्त्यावर हात ठेवला. "खोडायचं नाई. थे तसंच राहू द्या. खाली दुसरी ओळ लिवा. कोरडी. अक्षरात."

"रकान्यात आकडाच भरायचा असतो, मावशी."

"मंग रकान्याच्या बाहेर लिवा."

त्यानं लिहिलं. अकरा कोरडी. मग बारा नंबरात टेप सोडला, तीही कोरडी. आम्ही दोघींनी सह्या केल्या, सुनेला फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवली, शून्यासकट. तो घाम पुसत उभा होता आणि आम्ही मुळीच घाई केली नाही.

टँकर चौथ्या दिवशी आला. मैत्रिणीनं पहिला गुंड भरून ओट्यावर ठेवला आणि मला चहाला बसवलं. म्हणाली, "आता तरी राग सोड वो." नाही सोडला. मागच्या वर्षीचा जो कागद आहे, ज्याच्यामुळं ती महिनाभर टेकाड चढली, तो त्या ऑफिसात अजून तसाच खोटा पडलेला आहे. त्याच्याखालीही एक ओळ लिहा, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर आलं, जुन्या नोंदीत आता काही करता येत नाही. दुसरा अर्ज दिला. उद्या तिसरा घेऊन जाणार आहे, आणि या वेळी मैत्रीण सोबत येणार आहे. ऑफिसच्या पायऱ्या दहाच आहेत, ती म्हणते, टेकाडापेक्षा कमीच.